हवा चढते तेव्हा, हवा उतरते तेव्हा
तपमान, आर्द्रता आणि दवबिंदू : शेतकऱ्याने आकडे कसे वाचावेत



रेडिओवरचे हवामानवृत्त आपण रोज ऐकता. “कमाल तपमान ३२ अंश, किमान १४ अंश, सकाळची सापेक्ष आर्द्रता ९० टक्के, दुपारची ३० टक्के,” असे आकडे कानावरून जातात. पुष्कळ जण म्हणतात, “सकाळी ९० टक्के ओल होती, दुपारी ३० वर आली, म्हणजे हवा सुकली. आता रोगाचं भय गेलं.” कोणी याच्या उलट करतो. सकाळी ९० टक्के ऐकले की घाबरून फवारणीचा पंप पाठीवर घेतो. दोघांचाही हिशेब चुकतो. एकाची बाग केवड्याला बळी पडते, तर दुसऱ्याचे औषध आणि मजुरी फुकट जाते.

ही चूक टाळायची तर दोन गोष्टी समजून घेतल्या पाहिजेत. पहिली, आर्द्रतेची मापे कोणती आणि कोणते माप काय सांगते. दुसरी, हवा वर चढली किंवा खाली उतरली की ही मापे कशी बदलतात. घाटावर धो धो पाऊस आणि माण-खटावात कोरडे आभाळ का, वळवाआधी वारा एकदम गार का होतो, थंडी खोलगट रानातच जास्त का बसते, या सगळ्यांचे मूळ हवेच्या चढउतारात आहे.

१. आर्द्रतेची तीन मापे

हवेत जे पाणी दिसत नाही, त्याला बाष्प म्हणतात. ते मोजायच्या तीन रीती आहेत.

(अ) सापेक्ष आर्द्रता, म्हणजे शेकडा किती. त्या तपमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढे बाष्प मावते, त्याच्या शेकडा किती भाग बाष्प आहे, हे हा आकडा सांगतो.

(आ) दवबिंदू. हवा थंड करत गेलो तर ज्या तपमानाला तिच्यातून पाणी सुटू लागेल, ते तपमान. हे अंशांत सांगतात.

(इ) एक किलो हवेत किती ग्रॅम बाष्प आहे, ते सरळ वजन.

यांतला फरक धान्याच्या मापाने ध्यानात येईल. शेकडा आर्द्रता म्हणजे माप किती भरले ते. पण माप शेराचे की पायलीचे, हे ती सांगत नाही. आणि गंमत अशी, की हवेचे हे माप तपमानाबरोबर लहानमोठे होते. हवा तापली की माप मोठे होते, गार झाली की आक्रसते. धान्य तेवढेच ठेवून शेराचे माप काढून पायलीचे ठेवले, तर भरलेले माप अर्धे-अधिक रिकामे दिसेल. धान्य मात्र एक दाणाही कमी झालेले नसते.

आता वरचेच आकडे घ्या. सकाळी १४ अंश आणि ९० टक्के. या हवेचा दवबिंदू येतो सुमारे साडेबारा अंश. दुपारी ३२ अंश आणि ३० टक्के. याही हवेचा दवबिंदू सुमारे साडेबारा अंशच! म्हणजे हवेतले पाणी जसेच्या तसे आहे. फक्त माप मोठे झाले. रात्री पारा पुन्हा १२-१३ वर आला की त्याच हवेतून पानांवर दव पडणार.

आता समजा, दुसऱ्या दिवशीही सकाळी १४ अंश, ९० टक्के आहे. पण दुपारी ३२ अंशांना आर्द्रता ५० टक्के सांगितली. आकडा पाहून कोणी म्हणेल, “काय मोठंसं, निम्मंच तर आहे.” पण या हवेचा दवबिंदू सुमारे २० अंश आहे. म्हणजे दिवसात कुठून तरी नवीन ओली हवा येऊन पोचली. आज रात्री पारा २० च्या आसपास आला की पाने भिजणार आणि सकाळी ऊन चढेपर्यंत ओली राहणार. द्राक्षाच्या केवड्याला हेच हवे असते. दुपारचा हा ५० टक्क्यांचा आकडा सकाळच्या ९० टक्क्यांपेक्षा अधिक सावध करणारा आहे.

२. चढणारी हवा गार का होते?

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे नळकांडे हाताला गरम लागते. आत कोंबलेली हवा दाबली गेली की तापते. उलट भरलेल्या ट्यूबचा व्हॉल्व्ह सोडला, तर फुसकन बाहेर येणारी हवा बोटाला गार लागते. ती पसरते, पसरण्याचे काम आपल्याच उष्णतेच्या जोरावर करते, म्हणून थंड पडते.

आभाळात हेच घडते. जमिनीजवळ हवेचा दाब जास्त असतो, वर जावे तसा कमी होतो. हवेचा एखादा लोट वर चढला की तो पसरतो आणि गार होतो. खाली उतरला की दाबला जातो आणि तापतो. बाहेरून कोणी उष्णता द्यायची किंवा काढून घ्यायची गरज पडत नाही.

याचे माप ठरलेले आहे :

• ढग झालेला नसेल, तर हवा दर १०० मीटर चढीला सुमारे १ अंश गार होते. उतरताना दर १०० मीटरला तेवढीच तापते.

• ढग होऊ लागला की गार होण्याचा वेग कमी होतो. आपल्या पावसाळी हवेत तो दर १०० मीटरला अर्ध्या अंशाहून थोडा कमी, साधारण ०.४ अंश एवढा राहतो. कारण बाष्पाचे पाणी होताना उष्णता सुटते. पाणी आटवायला चुलीत जेवढे जळण घालावे लागते, तेवढीच उष्णता वाफेचे पाणी होताना परत मिळते. एक किलो हवेत एक ग्रॅम बाष्पाचे पाणी झाले, तर ती हवा सुमारे अडीच अंश तापेल एवढी उष्णता सुटते.

आता या चढउतारात आर्द्रतेच्या तीन मापांचे काय होते, ते पाहा. चढणाऱ्या हवेची शेकडा आर्द्रता भराभर वाढते, कारण माप आक्रसत जाते. दवबिंदू थोडासा उतरतो, दर १०० मीटरला ०.२ अंशाहून किंचित कमी, कारण हवा पसरल्यामुळे तिच्यातले बाष्पही विरळ होते. एक किलो हवेतले ग्रॅम मात्र ढग होऊ लागेपर्यंत बदलत नाहीत.

म्हणजे तपमान १०० मीटरला १ अंशाने उतरते आणि दवबिंदू ०.२ अंशाने. दोघांतले अंतर १०० मीटरला ०.८ अंशाने मिटते. जिथे अंतर संपले, तिथे ढगाचा तळ. यावरून एक सोपा हिशेब निघतो :

तपमान उणे दवबिंदू, गुणिले १२५ = ढगाच्या तळाची जमिनीपासून उंची, मीटरमध्ये.

दुपारच्या, चढत्या हवेच्या ढगांना हा हिशेब चांगला लागू पडतो.

३. पोलादपूर ते फलटण : एका हवेचा प्रवास

हे सगळे आपल्या मुलखात चालवून पाहू. जुलै महिना आहे. अरबी समुद्रावरून आलेली हवा कोकणात पोलादपूरला पोचली. समजा तिचे तपमान २८ अंश आणि दवबिंदू २५ अंश आहे. शेकडा आर्द्रता सुमारे ८४. एक किलो हवेत साधारण २० ग्रॅम बाष्प.

पुढे सह्याद्री आडवा आहे. हवेला चढण्यावाचून गत्यंतर नाही. आंबेनळी घाटाने मोटार चढते, तशी हवाही चढते. तपमान आणि दवबिंदू यांत अंतर ३ अंशांचे. ३ गुणिले १२५, म्हणजे ३७५ मीटरवर ढगाचा तळ. पावसाळ्यात घाटाच्या पहिल्या वळणांतच गाडी धुक्यात शिरते, ते धुके म्हणजे हाच ढग. तिथे तपमान सुमारे २४ अंश आणि आर्द्रता १०० टक्के.

तिथून महाबळेश्वर, उंची सुमारे १३५० मीटर. राहिलेल्या जवळजवळ हजार मीटर चढीत हवा ०.४ च्या हिशेबाने ४ अंश गार होते आणि सुमारे २० अंशांवर येते. एवढ्यात दर किलो हवेतून सुमारे अडीच ग्रॅम पाणी सुटते. अडीच ग्रॅम ऐकायला थोडे वाटेल. पण वारा दिवसरात्र वाहतो, आणि हवेमागून हवा घाट चढतच असते. म्हणून महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो.

आता हवा पूर्वेला उतरू लागते. पाऊस मागे टाकून आली, म्हणून आता तिच्याजवळ साडेसतरा ग्रॅमच्या आसपास बाष्प उरले. उतरताना ती पूर्ण १ अंशाच्या हिशेबाने तापते. पसरणीचा घाट उतरून वाईला, सुमारे ७२० मीटरवर, आली की तपमान २६ अंश आणि आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास. पुढे फलटणला, ५७० मीटरवर, तपमान जवळजवळ २८ अंश आणि आर्द्रता सुमारे ६८ टक्के. ढग विरतात. वारा सोसाट्याचा, आभाळात ढगांची पांगापांग, पण पाऊस नाही.

एक गोष्ट नीट पाहा. कोकणाच्या बाजूला ५७० मीटर उंचीवर हीच हवा २३ अंशांवर होती. फलटणला तेवढ्याच उंचीवर ती साडेचार अंशांनी जास्त गरम आहे. ही जादा ऊब आली कुठून? महाबळेश्वरच्या पावसातून! बाष्पाचे पाणी होताना सुटलेली उष्णता हवेत राहिली आणि पाणी घाटावर पडून गेले.

हा हिशेब ठोकळ आहे. प्रत्यक्षात ऊन, वाऱ्याची दिशा आणि वरच्या हवेची मिसळ यांनी आकडे पुढेमागे होतात. पण पावसाची माने पाहिलीत तर खूण पटते. महाबळेश्वरपासून वीसेक किलोमीटरवर पाचगणी, उंची थोडीशीच कमी, तरी पाऊस तिथल्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच. वाईला सात-आठशे मिलिमीटर. फलटण, माण, खटाव या भागांत ५०० च्या आसपास. याला पर्जन्यछाया म्हणतात. डोंगराने ढग अडवले एवढेच याचे कारण नाही. डोंगर ओलांडून आलेली हवा उतरते, तापते आणि ढगाला विरवते, हे मोठे कारण आहे.

म्हणून अशा भागात पश्चिमेला घाटावर काळे ढग दिसले म्हणजे आपल्याकडे पाऊस येणार, असे धरून चालू नये. आपली मदार जून-जुलैच्या पश्चिमेच्या वाऱ्यापेक्षा वळीव आणि सप्टेंबरचा परतीचा पाऊस यांवर जास्त असते. बाजरी, मटकी, हुलगा आणि रब्बीची ज्वारी ही पिके या मुलखात रुजली, ती उगीच नव्हे.

४. वळीव : वर चढणारी हवा आणि खाली कोसळणारी हवा

वळवाला डोंगराची गरज नसते. तापलेल्या जमिनीवरची हवाच आपण होऊन वर झेपावते. ढगाच्या तळाचा हिशेब इथे फार उपयोगी पडतो.

• मे महिन्याची दुपार : तपमान ३८, दवबिंदू १४. अंतर २४. ढगाचा तळ ३००० मीटरवर. एवढ्या उंचीवरून पडणारे थेंब वाटेतच आटतात. लांबून पावसाची झालर लोंबताना दिसते, जमिनीला मात्र धूळ आणि चार टपोरे थेंब मिळतात.

• जूनचा पहिला आठवडा : तपमान ३२, दवबिंदू २४. अंतर ८. ढगाचा तळ १००० मीटरवर. आता पडणारा पाऊस जमिनीला पोचण्याचा संभव पुष्कळ.

• जुलैची झड : तपमान २७, दवबिंदू २४. तळ पावणेचारशे मीटरवर.

पहिल्या दोन ओळींत तपमान सहाच अंशांनी उतरले, पण दवबिंदू दहा अंशांनी चढला. मोसमी हवा आपल्या रानापर्यंत पोचली की नाही, याची उत्तम खूण दवबिंदू होय. तो चार-पाच दिवस २२ अंशांच्या वर टिकला तर समजावे की समुद्राची हवा आली. एखाद्याच दिवशी चढून दुसऱ्या दिवशी पुन्हा १५ वर घसरला, तर तो वळीव होता.

तरीसुद्धा केवळ यावर पेरणीची मूठ धरू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन चांगली ओलावल्यावर, वाफसा आल्यावरच पेरणी करावी. वळवाच्या एका सरीवर केलेली पेरणी उगवते आणि मग करपते. बियाणे जाते, खत जाते, आणि दुबार पेरणी करताना हात बांधले जातात.

आता एक प्रश्न पुष्कळांच्या मनात येईल. उतरणारी हवा तापते म्हणता, मग वळवाआधीचा तो सोसाट्याचा वारा गार कसा?

उत्तर असे. ढगाखालच्या कोरड्या हवेत पावसाचे थेंब आटतात. आटायला उष्णता लागते, ती ते त्या हवेतूनच घेतात. हवा एकदम गार आणि जड होऊन खाली कोसळते. उतरताना ती दाबाने तापते खरी, पण थेंब वाटभर आटतच असतात, म्हणून जमिनीवर येईपर्यंत भोवतालच्या हवेपेक्षा गारच राहते. जमिनीवर आपटून ती चारी बाजूंना पसरते. केळीची बाग आडवी करणारा, आंबा झाडणारा, पत्रे उडवणारा वारा तो हाच. ढगाखालची हवा जितकी कोरडी, तितका हा वारा जोराचा. म्हणून तपमान आणि दवबिंदू यांत मोठे अंतर असलेल्या दिवशी काळा ढग आला, तर पाऊस थोडा आणि वारा फार, अशी तयारी ठेवावी. गार झोत अंगावर आला की झाडाखालून आणि पत्र्याच्या उघड्या शेडमधून निघून पक्क्या घरात जावे. वीज त्याच ढगात असते.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात झालेली गारपीट आपण विसरलेले नसाल. गारा होतात त्या याच चढत्या हवेने. लोट इतक्या जोराने वर जातो, की थेंब गोठणाऱ्या उंचीच्या वर उचलले जातात आणि बर्फाचे थरावर थर चढून जड झाल्यावरच खाली येतात.

५. पावसाचा खंड : वरून बसलेले झाकण

जुलै-ऑगस्टमध्ये कधी कधी पंधरा-पंधरा दिवस पाऊस दडी मारतो. सकाळी आर्द्रता ८५-९० टक्के सांगतात, अंगाला चिकचिक होते, ढगही तरंगतात, पण पडत नाही. असे का? मोसमी पावसाचा कमी दाबाचा पट्टा उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याशी सरकला, की आपल्याकडे वरची हवा सावकाश खाली बसू लागते. बसता बसता ती तापते आणि कोरडी होते. खालची ओली हवा वर चढू पाहते, पण वर या गरम हवेचे झाकण असते. ढग तिथपर्यंत जाऊन चपटे होतात आणि विरतात.

म्हणजे खंडाच्या काळात जमिनीजवळचा आकडा मोठा असला, तरी त्याच्यावर भरवसा ठेवू नये. पाऊस पडायला ओल पाहिजे, आणि ती ओल वर चढायलाही पाहिजे. आज पडेल, उद्या पडेल अशी वाट पाहण्यापेक्षा कोळपणी करून ओल राखावी. कोळपणी म्हणजे अर्धे पाणी असे आपल्याकडे म्हणतात, ते याच दिवसांसाठी.

६. थंडीच्या रात्री : आणखी एक कोडे

हिवाळ्यात उत्तरेकडे हवेचा दाब वाढतो आणि वरची हवा खाली बसते. आभाळ निरभ्र राहते, हवा कोरडी असते. रात्री जमीन आपली उष्णता उघड्या आभाळाकडे सोडून देते. जमिनीला टेकलेली हवा गार होते, आणि तिच्यावरची हवा तुलनेने उबदार राहते. एरवी वर जावे तसे गार लागते, अशा रात्री खालीच जास्त थंडी असते.

ही गार हवा जड असल्यामुळे पाण्यासारखी उताराने वाहते आणि ओढ्याकाठी, खोलगट रानात साचते. मग ती उतरताना तापत का नाही? तापते, पण किती? रानाचा उतार दहा-वीस मीटरचा. त्याने हवा ०.१ ते ०.२ अंश तापणार. उलट जमिनीतून उष्णता निघून गेल्याने ती चार-पाच अंश गार होते. तोट्यापुढे नफा किरकोळ.

म्हणूनच महाबळेश्वरला गावापेक्षा वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळ्यात थंडी जास्त, आणि एखाद्या पहाटे तिथे दव गोठलेले सापडते. निफाड भागात काही हिवाळ्यांत पारा २-३ अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा द्राक्षमण्यांना तडे जाण्याचे, वाढ थांबण्याचे नुकसान पहिल्याने खोलगट बागेत दिसते.

संध्याकाळचा दवबिंदू इथेही कामाला येतो. संध्याकाळी दवबिंदू १२-१३ असेल, तर पारा तिथे आल्यावर दव पडू लागते. दव पडताना उष्णता सुटते आणि पुढची घसरण मंदावते. दवबिंदू २-३ अंश किंवा त्याहून खाली असेल, आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर पाऱ्याला मध्ये अडवणारे काही नाही. ती रात्र जपावी. पहाटे विहिरीचे पाणी द्यावे, कारण ते हवेपेक्षा उबदार असते. वाऱ्याच्या बाजूने बांधावर ओलसर काडीकचऱ्याचा धूर करावा. नवी बाग लावताना खोलगट जागा टाळावी, आणि बांधावरच्या दाट कुंपणाला उताराच्या बाजूने मोकळी वाट ठेवावी, म्हणजे गार हवा साचणार नाही.

धुराची खूण : पहाटे चुलीचा धूर थोडा वर जाऊन आडवा पसरला आणि तसाच तरंगत राहिला, तर समजावे की वर उबदार हवेचे झाकण आहे. अशा वेळी, विशेषतः तणनाशकाची, फवारणी करू नये. बारीक तुषार खाली न बसता तरंगत शेजाऱ्याच्या पिकावर जातात. ऊन चढून धूर सरळ वर जाऊ लागला, वारा मंद आणि एका दिशेचा असला, म्हणजे फवारणीला हरकत नाही.

७. घरच्या घरी मोजणी

पहिली रीत, पेल्याची. पातळ स्टीलचा किंवा तांब्याचा चकचकीत पेला घ्या. त्यात साधे पाणी आणि उष्णतामापक ठेवा. बर्फाचे बारीक तुकडे एकेक टाकत ढवळा. पेल्याच्या बाहेरच्या अंगावर जेव्हा पहिल्याने धूसर दव दिसेल, तेव्हाचे तपमान म्हणजे दवबिंदू. पेल्यावर आपला श्वास पडू देऊ नका.

दुसरी रीत, दोन उष्णतामापकांची. दोन सारखे उष्णतामापक सावलीत, जमिनीपासून सव्वा मीटरवर शेजारी टांगा. एकाच्या गोळीवर मलमलची चिंधी गुंडाळून तिचे टोक स्वच्छ पाण्याच्या बाटलीत सोडा. मोजण्यापूर्वी दोन-तीन मिनिटे वारा घाला. दोहोंतला फरक पाहा :

कोरडा २०, फरक २ : आर्द्रता ८३ टक्के, दवबिंदू १७
कोरडा २०, फरक ६ : आर्द्रता ५१ टक्के, दवबिंदू १० च्या जवळ
कोरडा ३०, फरक २ : आर्द्रता ८६ टक्के, दवबिंदू २७ ते २८
कोरडा ३०, फरक ६ : आर्द्रता ६१ टक्के, दवबिंदू २१ ते २२
कोरडा ३०, फरक १० : आर्द्रता ४० टक्के, दवबिंदू १५ च्या जवळ

आकडे ठोकळ आहेत, पण शेताच्या कामाला पुरेसे आहेत. रोज दुपारी एकाच वेळी वाचून वहीत लिहावेत. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा आठ दिवसांचा कल अधिक सांगतो.

८. पाण्याच्या पाळीसाठी एक सूचना

पिकाची तहानही केवळ शेकडा आर्द्रतेवरून ठरत नाही. २० अंशांना ६० टक्के आणि ३५ अंशांना ६० टक्के, आकडा एकच. पण माप मोठे झाल्यामुळे ३५ अंशांची हवा पानांतून पाणी ओढायला जवळजवळ अडीचपट जोर लावते. आर्द्रता कालच्याएवढीच आहे, म्हणून पाण्याची पाळी लांबवू नये. तपमान बरोबर पाहावे.

लक्षात ठेवा

१. हवा चढली की गार होते, शेकडा आर्द्रता वाढते, ढग होतो. हवा उतरली की तापते, शेकडा आर्द्रता घटते, ढग विरतो.
२. दिवसभरात टक्के बदलले म्हणजे हवेतले पाणी बदलले, असे नाही. पाणी बदलले की नाही ते दवबिंदू सांगतो.
३. दुपारचा दवबिंदू एकाएकी चढला, तर रात्री पाने भिजणार. द्राक्षबाग सकाळी फिरून पाहा, पानाची खालची बाजू तपासा. भुरीला मात्र पान भिजावे लागत नाही, तिची पाहणी कोरड्या दिवसांतही सोडू नका.
४. तपमान उणे दवबिंदू गुणिले १२५, हा ढगाच्या तळाचा हिशेब. अंतर मोठे तर वारा जास्त, अंतर लहान तर पाऊस पोचण्याचा संभव जास्त.
५. खंडात ओलीचा आकडा पाहून थांबू नका, कोळपणी उरका.
६. संध्याकाळी दवबिंदू फार खाली, आभाळ निरभ्र आणि वारा बंद, तर ती रात्र थंडीची.
७. धूर आडवा तर फवारणी बंद.

हे पान घराच्या भिंतीवर लावून ठेवावे आणि रेडिओवरचे आकडे ऐकताना पुढ्यात असू द्यावे. आपल्या भागाचे आकडे आणि पीकसल्ला यांसाठी जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे जरूर विचारणा करावी.